रत्नागिरी परिसरात हायब्रिड घ्यावी की साधी पेट्रोल? घाट, खारी हवा, पावसाळा धरून सल्ला हवा

पावस_गोळप यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. जुनी डिझेल हॅचबॅक काढून नवीन गाडी घ्यायची आहे. बजेट ऑन रोड 19-20 लाखांपर्यंत ताणता येईल, पण ताणलंच पाहिजे असं नाही.

वापर असा: रोज पावस ते रत्नागिरी ये-जा, भाट्याच्या पुलावरून. रत्नागिरीत मारुती मंदिर, एसटी स्टँड, बाजारपेठ, म्हणजे थांबत थांबत. अधूनमधून साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूर. वर्षाला साधारण 13,000 किलोमीटर, त्यातले 4,000 तरी गर्दीतले. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते, समुद्र हाकेच्या अंतरावर. घरात चालवणारे दोघं, त्यातल्या एकाला ऑटोमॅटिकच पाहिजे. हंगामात डिकीत आंब्याच्या पेट्या जातात.

मनात मारुतीची ग्रँड व्हिटारा किंवा टोयोटाची हायरायडर आहे. प्रत्येकीच्या दोन प्रकारांबद्दल शोरूमवाला म्हणतो "दोन्ही हायब्रिडच आहेत, फक्त एक स्वस्त आणि एक महाग". हे काय गौडबंगाल आहे? आणि महागडी घेतली तर पैसे वसूल होतात का? खाऱ्या हवेत ती मोठी बॅटरी टिकते का? घाटात कमी पडते का?

---

हिशेबी_माणूस

आधी ते गौडबंगाल. या दोन्ही गाड्यांत एक माइल्ड हायब्रिड येते आणि एक स्ट्राँग हायब्रिड. माइल्डमध्ये 1.5 लिटरचं चार सिलिंडरचं साधं पेट्रोल इंजिनच आहे. डायनामोच्या जागी बेल्टवर चालणारी एक छोटी मोटर बसवली आहे, ती सिग्नलला इंजिन बंद-चालू करते आणि सुरुवातीला थोडा रेटा देते. नुसत्या मोटरवर ही गाडी चालतच नाही. हिला पेट्रोल गाडी समजूनच हिशेब करा.

स्ट्राँग हायब्रिडचं इंजिन वेगळं. 1.5 लिटर, तीन सिलिंडर, 92 पीएसचं (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवर), सोबत 80 पीएसच्या आसपासची मोटर. दोन्ही मिळून 116 पीएस (बेरीज 172 होत नाही, कारण दोघांची कमाल ताकद एकाच वेळी मिळत नाही). बॅटरी लिथियमची, 0.76 किलोवॅट-तास, म्हणजे पाऊण युनिट वीज. ही बाहेरून चार्ज करायची नसते. ब्रेक मारताना आणि इंजिनावर ती भरते, मोटर ती लगेच खर्च करते. कंपनीचा दावा लिटरला 27.97 किलोमीटर, माइल्डच्या मॅन्युअलचा 21.11 आणि ऑटोमॅटिकचा 20.58. हे तिन्ही आकडे प्रयोगशाळेतले आहेत, पंपावरचे नव्हेत.

आता वसुली. तुम्हाला ऑटोमॅटिक पाहिजे, म्हणून तुलना ऑटोमॅटिकशीच करायची. बरेच जण मॅन्युअलची किंमत धरतात आणि मग हायब्रिड भलतीच महाग दिसते. एक्स-शोरूम फरक 2 लाख धरू. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला 10 ते 20 लाखांच्या टप्प्यात रस्ता कर 12 टक्के, म्हणजे त्या फरकावर आणखी 24 हजार. विम्याचे थोडे मिळवून 2.30 लाख. तुमच्या कोटेशनमध्ये जो आकडा असेल तो इथे टाका.

पेट्रोल 105 रुपये धरतो. मोकळ्या रस्त्याला माइल्ड ऑटोमॅटिक लिटरला 16, स्ट्राँग 21. गर्दीत माइल्ड ऑटोमॅटिक 11, स्ट्राँग 20. हे आकडे मी मुद्दाम हात राखून घेतले आहेत.

मोकळा रस्ता 9,000 किमी: 562 लिटर विरुद्ध 429. बचत 133 लिटर.
गर्दी 4,000 किमी: 364 लिटर विरुद्ध 200. बचत 164 लिटर.

नीट बघा. निम्म्याहून कमी किलोमीटरमध्ये बचत जास्त झाली. हायब्रिडचं सगळं इंगित यातच आहे. जिथे तुम्ही थांबता, रांगता, ब्रेक मारता, तिथे ती कमावते. हातखंब्यापासून पुढे एका वेगात 90 नं निघालात की ती बहुतांश वेळ पेट्रोल गाडीच असते.

एकूण 297 लिटर, म्हणजे वर्षाला सुमारे 31,200 रुपये. 2.30 लाख भागिले 31,200, साडेसात वर्षांच्या जरा आत. मॅन्युअल माइल्डशी तुलना केली (मोकळ्या रस्त्याला 18, गर्दीत 13, किमतीत फरक साडेतीन लाख) तर साडेअठरा वर्षं लागतात, म्हणजे विषयच संपला. उलट ठाण्या-पुण्यात वर्षाला 20,000 किमी सगळे गर्दीतच फिरणाऱ्याचे पैसे पावणेतीन वर्षांत सुटतात. तिथल्या लोकांचे व्हिडिओ बघून पावसला गाडी घ्यायची नाही, एवढंच.

आणखी एक. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरच्या आतली, 1200 सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी 18 टक्क्यांत आली. तुम्ही म्हणताय त्या गाड्या चार मीटरपेक्षा लांब, त्यांना 40 टक्के, मग हायब्रिड असो वा नसो. म्हणजे छोटी पेट्रोल ऑटोमॅटिक आणि स्ट्राँग हायब्रिड यांच्यातलं अंतर आणखी वाढलं. चार माणसं आणि सामान नेहमीचं नसेल तर तो पर्याय यादीतून काढू नका.

---

कुडाळ_गॅरेज

तुझो वापर काय असा तो आधी सांगलंस, ह्या बरा केलंस. आता गॅरेजच्या बाजूने सांगतो.

मोठ्या बॅटरीची भीती लोकांना जास्त आणि गरजेपेक्षा जास्त. ती बंद पेटीत असते, कंपन्या तिच्यावर 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किमीची वॉरंटी देतात. कोकणात हायब्रिड नडते ती दुसऱ्याच तीन ठिकाणी: 12 व्होल्टची छोटी बॅटरी, ब्रेक आणि बॅटरीचा पंखा.

12 व्होल्टची बॅटरी. स्ट्राँग हायब्रिडला सेल्फ नसतो, इंजिन मोठी मोटर फिरवते. पण ती मोठी बॅटरी सिस्टीमला जोडणारे रिले आणि कॉम्प्युटर जागे करायला 12 व्होल्ट लागतातच. साध्या गाडीची बॅटरी मरायला आली की सेल्फ आठवडाभर आधी "घर्र... घर्र..." करून सांगतो. हायब्रिड काहीच सांगत नाही. एका सकाळी बटण दाबलं की डॅशबोर्डवर दिवे लुकलुकतात आणि गाडी निघायला तयार असल्याचं "रेडी" येत नाही. धक्का मारून ती सुरू होत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. जंप लीड लावून सुरू होते, करंटही थोडाच लागतो. पण हायब्रिडवरून दुसऱ्याची बोलेरो जंप करायला जाऊ नका, मोठ्या बॅटरीतून छोटीला भरणाऱ्या डीसी कन्व्हर्टरवर भलता भार येतो. पावसाळ्याच्या तोंडावर, मे महिन्यात, बॅटरी टेस्टरवर लावून घ्यायची. तीन-चार वर्षांची झाली असेल तर वाट न बघता बदलायची. आणि चावी गाडीजवळच्या खुंटीवर लटकवायची नाही. कीलेस चावी जवळ असली की गाडी अर्धवट जागी राहते आणि बॅटरी पिते. पाच-सहा मीटर लांब ठेवा.

ब्रेक. हा मुद्दा शोरूममध्ये कोणी सांगत नाही. हायब्रिडमध्ये ब्रेक दाबला की आधी मोटर गाडी रोखते, पॅड डिस्कला नुसते टेकतात किंवा टेकतही नाहीत. त्यामुळे पॅड खूप टिकतात, हे खरं. पण साध्या गाडीत डिस्कवरचा गंज रोज घासून निघतो, इथे निघत नाही. भाट्याच्या पुलावरची हवा, त्यात पावसाळा. डिस्कला कडेने गंजाची किनार चढते, कॅलिपरच्या स्लाइड पिन सुकून जाम होतात, मग एकच पॅड घासत राहतो, तिरका झिजतो. मागच्या चाकांना आधी होतं. ओळख: गाडी लांब चालवून आल्यावर एका चाकाची रिम दुसऱ्यापेक्षा गरम लागते, किंवा अॅव्हरेज कारण नसताना पडतं.

उपाय साधा. दर 10,000 किमीला, आणि समुद्राजवळ असाल तर पावसाळा संपल्यावर एकदा जास्तीचं, चाकं काढून पिन बाहेर काढा, जुनं ग्रीस पुसा, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा, रबरी बूट फाटला असेल तर बदला. साधं पिवळं चाकाचं ग्रीस लावायचं नाही, त्याने रबर फुगतं. आणि आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, 60 वरून 20 पर्यंत जरा जोरात ब्रेक मारायचा. तीन-चार वेळा केलं की डिस्क साफ होतात.

पंखा. मोठी बॅटरी केबिनमधली हवा ओढून थंड होते. बहुतेक गाड्यांत त्याची जाळी मागच्या सीटच्या आसपास असते, तुमच्या गाडीत नेमकी कुठे ते मॅन्युअलमध्ये बघा. तिथे फिल्टर असतो. भाट्याच्या किनाऱ्यावरची वाळू, कुत्र्याचे केस आणि आंब्याच्या पेटीतला पेंढा, हे तिन्ही तिथे जाऊन बसतं. जाळी तुंबली की बॅटरी तापते, सिस्टीम मोटरची मदत कमी करते, आणि माणूस म्हणतो "गाडीत दम राहिला नाही". सर्व्हिसला फिल्टर साफ केला का, हे तोंडी नाही, समोर उभं राहून बघा. पेट्या भरताना जाळीवर गोणपाट टाकू नका.

इंजिन ऑईल फार पातळ लागतं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच. घाईत कोणी पंपावरून 20डब्ल्यू-40 हे जाड ऑईल ओतलं तर इंजिन फुटणार नाही, पण अॅव्हरेजसाठी एवढे पैसे मोजून ते वाया घालवल्यासारखं आहे. इन्व्हर्टरला (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करणारा भाग) वेगळ्या कूलंटची वेगळी टाकी असते. त्यात विहिरीचं पाणी घालायचं नाही. नारिंगी वायर म्हणजे उच्च दाबाची वीज, ती दिसली की हात मागे. तिथे गावातल्या वायरमनचं काम नाही.

अंडरबॉडी कोटिंग करायचं तर हायब्रिड ओळखणाऱ्याकडेच करा. पाण्याच्या निचऱ्याची भोकं, नारिंगी केबल, कनेक्टर आणि सायलेन्सर झाकून मगच स्प्रे मारायचा. भोकं बुजली तर दरवाजे आतून सडतात, मग कोटिंग न केलेलं परवडलं. त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याने खालून धुणं जास्त कामाचं. जेटीवरून गाडी फेरीत घालून दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ केलं असेल तर त्याच दिवशी.

---

घाटवाट

घाटाबद्दल कोणी बोललं नाही, ते मी घेतो.

चढताना. पाऊण युनिटची बॅटरी, त्यातलाही मधला काही भागच सिस्टीम वापरते. बॅटरी पूर्ण कधी भरत नाही, पूर्ण रिकामी करत नाही, म्हणूनच ती वर्षानुवर्षं टिकते. चार माणसं आणि सामान घेऊन आंबा घाट चढताना पहिल्या दोन-तीन वळणांत मोटरचा साठा सरतो. मग राहतं ते तीन सिलिंडरचं इंजिन, आणि ते वरच्या आरपीएमवर ओरडत राहतं. गाडी चढते, थांबत नाही, गरमही होत नाही. पण ट्रकला पटकन मागे टाकायला जी उसळी पाहिजे ती निम्म्या घाटानंतर मिळत नाही, हे धरून ओव्हरटेक करा. आवाज चढतो आणि वेग त्या मानाने वाढत नाही, म्हणून क्लच घसरतोय असं वाटतं. यात क्लचही नाही आणि सीव्हीटीचा बेल्टही नाही. ई-सीव्हीटी हे हिच्या गिअरबॉक्सचं नाव फसवं आहे. आत प्लॅनेटरी गिअरचा एक संच आणि दोन मोटर-जनरेटर आहेत, बेल्ट तुटण्याचा प्रश्नच येत नाही. होंडा सिटी हायब्रिडची रचना आणखी वेगळी: हळू वेगात चाकं मोटरच फिरवते, इंजिन वीज बनवतं, आणि हायवेच्या वेगाला एक क्लच इंजिन थेट चाकांना जोडतो. सिटीचा ग्राउंड क्लिअरन्स 165 मिलिमीटर आहे, सड्यावरच्या जांभ्याच्या रस्त्याला तो कमी पडेल, म्हणून तिच्यात जात नाही.

उतरताना खरी गंमत आहे, आणि इथेच लोक चुकतात. आंबोलीचं उदाहरण घ्या. गाव समुद्रसपाटीपासून 690 मीटरवर, खाली उतरताना साडेपाचशे मीटर उंची उतरलो असं धरू. माणसांसकट 1,600 किलोची गाडी. वजन गुणिले 9.8 गुणिले उंची केलं की साधारण 86 लाख ज्यूल येतात, म्हणजे 2.4 युनिट ऊर्जा. टायर आणि हवेच्या घर्षणात बराच भाग जातो, तरी उरलेली ऊर्जा तुमच्या बॅटरीच्या कुवतीपेक्षा जास्तच असते. म्हणजे घाटाचा पहिला तुकडा उतरेपर्यंतच बॅटरी भरते. त्यापुढे मोटर ब्रेक लावू शकत नाही, कारण वीज ठेवायला जागाच नाही, आणि सगळा भार पॅडवर येतो. वर कुडाळकरांनी सांगितलेल्या गंजलेल्या डिस्कवर.

म्हणून घाट सुरू होताच लिव्हर "बी" मध्ये टाका. बी म्हणजे इंजिनाला पेट्रोल न देता फिरवत ठेवून त्याचा अडथळा ब्रेकसारखा वापरायचा. आवाज येईल, घाबरू नका. सपाटीला आलात की परत "डी". रोजच्या चालवण्यात बी मध्ये गाडी ठेवली तर अॅव्हरेज वाढत नाही, उलट कमी होतं. हा गैरसमज फार पसरलाय.

आणखी एक खोड मोडायची: सिग्नलला न्यूट्रल. मॅन्युअल चालवणाऱ्यांचा हात आपोआप तिकडे जातो. अशा प्लॅनेटरी गिअरच्या (पॉवर स्प्लिट) हायब्रिडमध्ये न्यूट्रलला जनरेटर बंद असतो, म्हणजे इंजिन चालू असलं तरी बॅटरी भरत नाही, आणि एसी मात्र त्याच बॅटरीवर चालतो. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर तास-तास रांग लागते तेव्हा डी मध्ये ब्रेक धरा, जास्त वेळ असेल तर पी. इंजिन लागेल तसं स्वतः सुरू होऊन चार्ज करेल.

साध्या पेट्रोलच्या बाजूने एक: घाटात मॅन्युअलला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर जो ताबा मिळतो त्याला तोड नाही. पण स्वस्तात ऑटोमॅटिक म्हणून एएमटी (मॅन्युअलच गिअरबॉक्स, गिअर यंत्र बदलतं) घेणार असाल तर आधी चढावर थांबून परत निघून बघा. आत साधाच क्लच असतो. वाहतूक तुंबलेल्या चढावर ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर तो जळतो. माइल्ड हायब्रिडमधला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक त्या मानाने दणकट.

---

खाडीपल्याड

एवढं डोकं चालवण्यापेक्षा इलेक्ट्रिक घ्या की सरळ.

---

हिशेबी_माणूस

@खाडीपल्याड रोजच्या पावस-रत्नागिरीला इलेक्ट्रिक चालेल, नाही म्हणत नाही, जीएसटीही 5 टक्केच आहे. पण जून-जुलैत वादळात झाड तारेवर पडलं की लाईट दोन-दोन दिवस नाही, आणि प्रश्न हायब्रिड की पेट्रोल असा आहे. त्याचा वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

---

पावस_गोळप

खूप आभार. बी मोड आणि न्यूट्रलचं शोरूममध्ये कोणी बोललंच नाही. दोन शंका राहिल्या. पुरात किंवा मोरीवरून पाणी वाहत असताना हायब्रिडचं काय? चिपळूणचं 2021 आठवलं की धास्ती वाटते. आणि पावसाळ्यात कधी कधी गाडी महिनाभर उभी राहते, तेव्हा काय करायचं?

---

विमा_आणि_बिमा

पुराचं मी सांगतो, कारण दाव्यात लोक इथेच अडकतात.

पाणी इंजिनाच्या हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये गेलं आणि इंजिन फिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण पाणी दाबलं जात नाही. साध्या पॉलिसीत हे "परिणामी नुकसान" धरून दावा नाकारला जाऊ शकतो. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं ऍड-ऑन लागतं, पेट्रोल असो की हायब्रिड. नदीकाठी, खाडीकाठी राहणाऱ्याने झिरो डेप्रिसिएशनच्या आधी हे घ्यावं, असं माझं मत. हायब्रिडला बॅटरी आणि मोटरचं वेगळं कव्हर काही कंपन्या देतात. पॉलिसीच्या शब्दांत "हायब्रिड सिस्टीम" आलेली आहे का ते वाचून घ्या, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका. इन्व्हर्टर आणि बॅटरी मिळून खर्च काही लाखांत जातो, म्हणून इथे काटकसर नको.

पाण्यात गाडी गेलीच तर: बटण दाबायचं नाही. चालू होते का बघू, असं एकदाही करायचं नाही. हायब्रिडमध्ये हा मोह जास्त धोक्याचा, कारण इंजिन शांत असतं आणि माणसाला वाटतं काही झालं नाही. पण रेडी आलं की सिस्टीम स्वतःच्या मर्जीने इंजिन फिरवते. पाणी ओसरल्यावर, जमीन कोरडी असेल आणि 12 व्होल्टची बॅटरी सहज हाताशी असेल तर तिची निगेटिव्ह काढा. फोटो काढा, पाण्याची रेघ सीटवर किंवा दरवाजावर दिसेल असे. विमा कंपनीला कळवा. गाडी न्यायची ती फ्लॅटबेडवर, चारही चाकं वर. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढलीत तर चाकांसोबत मोटर फिरते आणि वीज तयार करते, नसलेला बिघाडही होतो. फोनवर टोइंगवाल्याला आधीच "हायब्रिड आहे, फ्लॅटबेड पाठवा" म्हणून सांगायचं, नाहीतर हुक लावून येतो.

नुसतं पाणी अंगावर आल्याने करंट लागतो ही भीती मात्र काढून टाका. उच्च दाबाची सर्किट बॉडीपासून वेगळी असतात आणि गळती जाणवली की रिले तोडतात. धोका माणसापेक्षा गाडीला, आणि तोही नंतरचा. खाडीचं खारं पाणी डिकीच्या खालच्या बॅटरीत शिरलं तर कनेक्टर हिरवे पडतात आणि दोन-तीन महिन्यांनी एरर येऊ लागतात. म्हणून पाणी फ्लोअरच्या वर आलं असेल तर बॅटरी पॅक उघडून तपासल्याची नोंद जॉब कार्डावर घ्या. मोरीवर पाणी चाकाच्या मध्याच्या वर दिसलं तर दोन्ही प्रकारच्या गाड्यांनी मागे फिरायचं.

---

कुडाळ_गॅरेज

महिनाभर उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा गाडी "रेडी" करून पी मध्ये अर्धा-पाऊण तास ठेवा, एसी आणि दिवे बंद. मोठी बॅटरी कन्व्हर्टरमधून छोटीला भरते, त्यासाठी इंजिन चालूच असायला पाहिजे असं नाही. पण इंजिन मध्येच आपोआप सुरू होतं, म्हणून बंद शेडमध्ये हे कधीच करायचं नाही. दार सताड उघडं किंवा गाडी अंगणात. धुराने माणसं जातात. नुसतं अॅक्सेसरीवर ठेवलं तर उलट बॅटरी उतरते, "रेडी" लिहिलेलं दिसलं पाहिजे. त्याहून बरं म्हणजे पंधरा-वीस किलोमीटर चालवून आणणं, त्यात डिस्कही साफ होतात.

हँडब्रेक ओढून ठेवू नका. दमट हवेत मागचे लायनर ड्रमला किंवा पॅड डिस्कला चिकटतात. पी मध्ये ठेवा आणि चाकाला जांभ्याचा तुकडा लावा. टाकी भरलेली ठेवा. आताचं पेट्रोल 20 टक्के इथेनॉलचं आहे, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि अर्ध्या टाकीत हवा जास्त. हायब्रिडमध्ये एक टाकी जास्त दिवस पुरते, म्हणून तिला हे थोडं अधिक लागू.

उंदीर. शेडमध्ये भात, पेंढा किंवा सुकी खोबरी असेल तर गाडी तिथे ठेवायचीच नाही, किंवा ते तिथून हलवा. हायब्रिडचा वायरिंगचा हार्नेस साध्या गाडीपेक्षा महाग आणि जोड देऊन भागत नाही. तंबाखूची पानं, डांबराच्या गोळ्या यांचा वास चार दिवसांत उडतो. त्यापेक्षा बारीक स्टीलची जाळी एसीच्या हवेच्या तोंडावर बसवून घ्या आणि बॉनेट रात्री उघडं ठेवा, उजेड आणि वारा आत गेला की घर करत नाहीत.

पावसाळ्याचा एक मुद्दा हायब्रिडच्या बाजूने. तिचा एसी कॉम्प्रेसर विजेवर चालतो, इंजिन बंद असलं तरी काच धुकटत नाही. माइल्डमध्ये कॉम्प्रेसर बेल्टवर आहे. मुसळधार पावसात सिग्नलला इंजिन बंद झालं की अर्ध्या मिनिटात काचेवर वाफ. तिथे स्टार्ट-स्टॉपचं बटण बंद करून टाका.

---

घाटवाट

आंब्याच्या पेट्यांचं राहिलं. डिकी माइल्डमध्ये 373 लिटर, स्ट्राँगमध्ये 265, कारण बॅटरी तिच्या खाली आहे. आकड्यापेक्षा आकार जास्त नडतो: तळ वर आला की उभी पेटी दाराला अडते. शोरूममध्ये जाताना दोन रिकाम्या पेट्या सोबत न्या आणि डिकी बंद होते का बघा. स्टेपनी आणि जॅक कुठे आहेत तेही काढून दाखवायला लावा, भरलेल्या डिकीखालून पावसात काढायची वेळ येते.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या समोरच्या सपाट रस्त्यावर घेऊ नका. चार माणसं बसवून, एसी लावून, हातखंबा ते निवळी आणि परत, किंवा जमल्यास सरळ आंबा घाटाची पहिली वळणं. वर पोचल्यावर उतारावर बी टाकून बघा.

---

हिशेबी_माणूस

तुमच्या बाबतीत माझं मत: पैशासाठी स्ट्राँग घेऊ नका, साडेसात वर्षं हा हिशेब फार लांबचा आहे आणि त्यानंतर बॅटरीची वॉरंटी संपत येते. ऑटोमॅटिक पाहिजेच, रत्नागिरीतलं थांबत चालणं रोजचं आहे आणि गाडी दहा वर्षं ठेवणार असाल, तर घ्या. पाच वर्षांत बदलणार असाल किंवा कोल्हापूरच्या फेऱ्या वाढणार असतील तर माइल्ड ऑटोमॅटिक.

कोटेशन घेताना दोन्हीच्या ऑन रोड किमती एकाच ट्रिमच्या (व्हेरियंटच्या) मागा. स्ट्राँग बऱ्याचदा वरच्या ट्रिममध्येच दाखवतात आणि सनरूफ, मोठा स्क्रीन यांचे पैसे हायब्रिडच्या नावावर खपतात. कोटेशन आलं की इथे टाका, आकडे बदलून देतो.